सलूनमधल्या नळाची तोंडबंदी

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे. एका सलूनच्या भिंतीत, आरशाशेजारी, बेसिनवर मान खाली घालून बसलेला. मान खाली आहे म्हणून मला गरीब गाय समजू नका. माझ्यापुढे फार शहाणपणा करणारे भलेभले कोपरापर्यंत भिजून घरी गेलेत.

माझा जन्म भट्टीतला. ओतकाम करणाऱ्या कारागिरानं लालबुंद पितळ वाळूच्या साच्यात ओतलं, ते निवलं आणि मी झालो. अंग सगळं खडबडीत. मग लेथवर गरागरा फिरवून माझे आटे पाडले. गुदगुल्या म्हणाल तर गुदगुल्या, सोलपटणं म्हणाल तर सोलपटणं. शेवटी चावी घट्ट आवळून कारागिरानं एका टोकातून जोरात फुंकर मारली. त्याच्या जोडीदारानं दुसरं टोक गालाला लावून पाहिलं. वाऱ्याचा मागमूस नाही. "पक्का आहे," तो म्हणाला. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक हे असं झालं. आणि तेही तोंड बंद ठेवल्याबद्दल! तुमच्यापैकी किती जणांचं असं कौतुक होतं, ते वर्गातल्या बाईंना विचारा.

पुढे हार्डवेअरच्या दुकानात मी तारेला उलटा लटकत होतो. तिथे एक दिवस थोरले वस्ताद आले. त्यांचं सलून होतं. गल्लीतली माणसं त्यांना वस्ताद म्हणत, कारण गप्पांत आणि वस्तऱ्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्यांनी मला तळहातावर तोललं आणि दुकानदाराला म्हणाले, "हा द्या. हलका नळ आणि हलक्या कानाचा माणूस, दोन्ही दाराबाहेर बरे."

असा मी सलूनमध्ये आलो. एका लांबलचक बैठ्या इमारतीत ओळीनं दुकानं. गच्चीवर सगळ्यांची मिळून एक टाकी. टाकीतून एकच पाइप निघतो, तो आधी आमच्या सलूनमध्ये येतो, मग सायकल दुरुस्तीवाल्याकडे, मग पुढे, आणि सगळ्यात शेवटी लाँड्रीत. म्हणजे मी पंगतीच्या तोंडाशी बसलेला आणि लाँड्रीचा नळ पार शेवटाला. तो प्लास्टिकचा आहे, निळा. पोरगेला आणि जरा चिडका. आमचं बोलणं पाइपातून चालतं. पाइप म्हणजे आमचा टेलिफोन. कोणाकडे पाणी आलं, कोणाचं गेलं, कोण कोणाला काय म्हणालं, सगळं मला इथे बसून कळतं. चहाड्या ऐकायला कान लागत नाहीत मित्रांनो, पोकळ अंग लागतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या सलूनची एक जगावेगळी रीत होती.

एकदा थोरल्या वस्तादांकडे एक पोरगं केस कापायला आलं आणि त्यानं असा गळा काढला की समोरच्या फळीवर झोपलेली मांजर घर सोडून गेली. काही केल्या गप्प बसेना. वस्तादांनी सहज मला सोडलं. मी झुळझुळ सुरू झालो. पोरगं धार बघत बसलं, रडायचं विसरलं आणि केस कापून झाले. वस्तादांना वाटलं, वा! मग त्यांनी रडणाऱ्या मोठ्यांवरही तोच उपाय केला. (मोठे रडत नाहीत, ते तक्रारी करतात. आवाज तोच.) पाणी चालू असलं की गिऱ्हाईक डोळे मिटायचं, मान ढिली सोडायचं आणि वस्तरा लोण्यावरून फिरावा तसा फिरायचा. हळूहळू त्यांनी ठरवूनच टाकलं, "धार चालू, तर हात चालू."

लेकाला धंदा शिकवतानाही हेच शिकवलं. लेकानं पहिली दाढी केली ती माझ्या आवाजावर. त्यानंतरची प्रत्येक दाढी माझ्या आवाजावर. गवयाला मागे तंबोरा लागतो ना, तसा त्याला मी लागायचो. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी मला सोडायचं, मग कापड गळ्याभोवती बांधायचं. पाणी बेसिनमधून थेट गटारात. तोंड धुवायला नाही, ब्रश भिजवायला नाही, नुसतं आवाजाला!

थोरले वस्ताद गेले. लेक वस्ताद झाला. लोक माझं कौतुक करायचे. "तुमच्या सलूनमध्ये आलं की कसं नदीकाठी बसल्यासारखं वाटतं." मीही तोऱ्यात वाहायचो. तेव्हा टाकी दिवसातून दोनदा भरायची. कोणाला काय पडलं होतं?

मग गावाला पाणी पुरवणाऱ्या तळ्यानं तळ दाखवला. पाणी एकदाच, सकाळी, येऊ लागलं. टाकी एकदा भरली की दुसऱ्या दिवशीपर्यंत तेवढ्यावरच भागवायचं. पंगतीच्या तोंडाशी असणाऱ्या मला काहीच फरक जाणवला नाही. पण पाइपातून त्या निळ्या नळाची कुरकुर यायला लागली. दुपार झाली की तो कोरडा खोकायचा, "खर्र... खर्र..." आणि मग गप्प.

आणि ती लाँड्री कोणाची होती माहीत आहे? वस्तादांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची. सगळी ओळ तिला लाँड्रीताई म्हणते. हातात जोर असा, की ओल्या सतरंजीला पीळ घातला तर सतरंजीच माफी मागेल. पाण्याच्या बाबतीत तर भलती चिकट. शेवटचं स्वच्छ पाणी ती फेकत नाही. त्यातच पुढचे कपडे भिजवते. त्यातून उरलेल्या साबणाच्या पाण्यात पायपुसणी. त्यातून उरलं की लादी. पाणी तिच्याकडून सुटेपर्यंत म्हातारं झालेलं असतं. एवढं करूनही दुपारी तिची धार बंद पडायची. कपडे अर्धवट राहायचे. "उद्या देते हं," असं म्हणून म्हणून गिऱ्हाइकं तुटत चालली होती.

वस्तादांना बहिणीचा फार कळवळा. ते वस्तरा हवेत फिरवून बोलायचे, "माझ्या बहिणीच्या तोंडचं पाणी पळवतात हे लोक! तो सायकलवाला बघा, पंक्चर बघायला टब भरून घेतो, टब! लाज नाही वाटत?"

आणि हे बोलताना मागे मी धो धो वाहतोय.

खुर्चीत बहुतेक वेळा हॉर्नकाका असायचे. हे रिटायर झालेले बसड्रायव्हर. जन्मभर हॉर्न वाजवल्यानं हळू बोलणं विसरलेले. दाढी झाली तरी घरी जायचे नाहीत, पेपर घेऊन बाकावर बसायचे. तेही ओरडायचे, "खरं आहे! लोकांना काही शिस्तच राहिली नाही!" मी एवढा हसायचो की धार वाकडी व्हायची.

एक दिवस वस्तादांची दाढ दुखायला लागली. गाल टोमॅटोसारखा सुजला. सलून दिवसभर बंद. आणि त्या दिवशी निळा नळ संध्याकाळपर्यंत वाहत राहिला! लाँड्रीताईनं सगळे कपडे धुतले, वाळवले, इस्त्री केले आणि मग कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या धारेकडे बघत उभी राहिली. डोकं तिचं पहिल्यापासून तेज.

दुसऱ्या दिवशी ती सलूनमध्ये आली. हॉर्नकाका खुर्चीत. मी वाहतोय.

"दादा, काल तुझं दुकान बंद होतं आणि मला पाणी पुरलं."

"अगं, सायकलवाल्याला अक्कल आली असेल."

"सायकलवाला कालच्यासारखाच आजही टब भरून बसलाय. आणि ते पाणी तो आठवडाभर बदलत नाही, त्यात आता मासे पाळायचे बाकी आहेत. तुझा नळ का चालू आहे?"

"आवाजाला."

"कशाला?"

"अगं, आवाजाला. तुला काय कळतंय त्यातलं? बाबांची रीत आहे. पाण्याचा आवाज बंद झाला की माझा हात थरथर कापतो."

लाँड्रीताई तडक वळली. भांडखोर माणूस न भांडता निघाला की समजावं, काहीतरी शिजतंय. ती गेली आणि तिचा कपडे भिजवायचा मोठा टब फरफटत घेऊन आली. सलूनच्या मागच्या बाजूला बेसिनचा पाइप गटारावर सुटतो, तिथे तिनं तो टब लावला. वस्ताद आपले आत दाढी करण्यात दंग. तळ्याच्या राजकारणापासून दाढेच्या डॉक्टरपर्यंत सगळ्या गप्पा झाल्या. हॉर्नकाकांच्या गालाला तुरटी लागली. तेवढ्यात लाँड्रीताईनं मागच्या दारातून हाक मारली, "दादा, काकांना घेऊन जरा इकडे ये."

दोघं गेले. टब काठोकाठ भरून वर सांडत होता. पाणी जवळजवळ स्वच्छ, वर थोडासा फेस आणि हॉर्नकाकांचे चार पांढरे केस.

"ही काकांची एक दाढी," ती म्हणाली. "एवढ्यात माझ्याकडे एका घरचे आठवड्याचे कपडे निघतात."

हॉर्नकाकांनी टबाकडे पाहिलं, स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "एवढी मोठी दाढी नव्हती हो माझी."

वस्ताद मात्र मान तुकवेनात. बाबांची रीत मोडायची म्हणजे काय खेळ आहे? ते म्हणाले, "बघू पुढे."

"पुढे नाहीच आहे, दादा." लाँड्रीताई टबाच्या काठावर बसली. "त्या वळणावरच्या गेस्ट हाऊसच्या मॅनेजरबाई आल्या होत्या. त्यांच्या चादरींचं सगळं धुणं मला मिळेल म्हणाल्या. पण आधी एक परीक्षा. रविवारी सकाळी चादरींचं गाठोडं पाठवणार आणि संध्याकाळी घ्यायला येणार. पांढऱ्या चादरी आहेत. त्यात साबण राहिला तर पिवळ्या पडतात, म्हणून शेवटचं पाणी स्वच्छ आणि भरपूर लागतं. दुपारी पाणी गेलं तर मी गेले. मोबाइलची कव्हरं विकणारा माझ्या गाळ्यावर टपूनच आहे. त्याला देऊन टाकीन आणि दुसऱ्याच्या लाँड्रीत हाताखाली राबायला जाईन."

वस्तादांचा चेहरा एकदम उतरला. रविवार म्हणजे सलूनचा सगळ्यात गर्दीचा वार. सकाळपासून बाकावर रांग. त्या दिवशी मी सकाळी सुटलो की रात्रीच मिटायचो.

"माझा हात कापला तर?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती ती. माणसाच्या गळ्यावर वस्तरा धरायचा असतो मित्रांनो, पेन्सिल नव्हे.

"तुझा हात कापेल की माझं दुकान जाईल, तूच ठरव," असं म्हणून तिनं टब उचलला आणि त्यातल्या पाण्यानं जाता जाता सगळी लादी धुऊन गेली.

वस्तादांनी ठरवलं. त्यांनी माझी चावी आवळली. आणि मी... टप्. टप्. टप्. अहो, माझं वायसर पार झिजलेलं! सारखं उघडं राहून बंद होण्याची सवयच गेली होती. जितकं आवळावं तितकं मी टपकतोय. थेंब थेंब करून सांजेपर्यंत बादली भरते, हे तुम्ही घरी करून बघा.

प्लंबर आला. त्यानं मला चिमटीत धरून तुच्छतेनं हलवलं. "हा काढून टाका वस्ताद. जुनाट आहे. नवा चकचकीत बसवतो, एका बोटानं चालणारा. हा जाईल भंगारात."

भंगारात? मला? ज्याच्या आवाजावर अर्ध्या गावाची दाढी झाली, त्या मला? मी पाइपातली सगळी कोंडलेली हवा गोळा केली. प्लंबर माझ्या तोंडाशी तोंड आणून आत बघतच होता. फट्‌! बिचाऱ्याचं तोंड, कान, खिशातला रुमाल, सगळं धुऊन निघालं.

"दम आहे की अजून त्याच्यात!" बाकावरून हॉर्नकाका कडाडले.

"नळाला काय झालंय?" लाँड्रीताई दारातून म्हणाली. "शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट फेकतोस का रे? वायसर बदल त्याचं."

प्लंबरनं नाक पुसत पुसत माझं पोट उघडलं, झिजलेलं वायसर काढलं आणि नवं, जाड, काळं रबरी वायसर बसवलं. चावी फिरवली. टपकणं थांबलं. खरं सांगतो, नव्या बत्तीशीसारखं वाटलं. मी मनाशी म्हटलं, आता रविवारी माझ्याकडून एक थेंब गेला तर नाव सांगणार नाही.

रविवार उजाडला. टाकी भरली. पाइपाच्या टोकाकडून गाठोडं सोडल्याचा धप्प आवाज आला आणि लाँड्रीताईचं काम सुरू झालं. इकडे पहिल्या नंबरला हॉर्नकाका. वस्तादांनी साबण लावला, वस्तरा हातात घेतला. सवयीनं डावा हात माझ्याकडे आला. अर्ध्यात थांबला. मागे गेला.

सलूनमध्ये कधी नव्हे ती शांतता. घड्याळाचा आवाजही ऐकू येत होता, आणि ते घड्याळ खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीवर आहे. वस्तादांच्या कपाळावर घाम. वस्तरा थरथरतोय. हॉर्नकाकांचे डोळे बशीएवढे.

"वस्ताद," हॉर्नकाका ओठ न हलवता म्हणाले, "मला नातवंडं आहेत."

"हलू नका हो काका. मी गुणगुणतो, म्हणजे हात बसेल." आणि वस्तादांनी सूर लावला.

मित्रांनो, माझं वायसर नवं नसतं तर त्या सुरानं निखळलं असतं. बाकावरचा एकजण उठून बाहेर गेला. हॉर्नकाकांनी हात जोडले, "कान कापलात तरी चालेल, पण गाऊ नका! थांबा, मीच करतो आवाज." आणि त्यांनी तोंडानं सुरू केलं, "झुळझुळझुळझुळ..." बसचं इंजिन गरम झाल्यासारखा आवाज. सगळं सलून हसायला लागलं. वस्तादही हसले. हसता हसता वस्तरा टेकला आणि हनुवटीला बारीकसं लागलं. लाल ठिपका. तुरटी लावली.

"काही नाही, काही नाही," हॉर्नकाका म्हणाले. "माझ्या हातून तर एकदा अख्खी बस खांबाला लागली होती. पुढे चला!"

पुढे चालले. दुसरी दाढी, तिसरी. वस्ताद दात-ओठ खाऊन एकेक गाल उरकत होते. एकेका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आज नळ बंद. काल रात्रीच भरून ठेवलेल्या मग्यातून पाणी. तोंड पुसायला ओला नॅपकिन." एक चष्मेवाले गृहस्थ चष्मा धुवायला माझ्याकडे आले आणि चावीला हात घातला, तर वस्ताद तोंडात कंगवा धरून ओरडले, "हात काढा!" ते गृहस्थ असे दचकले की चष्मा शर्टालाच पुसून गेले. मी खूश. मी असा घट्ट मिटून बसलो होतो की मुंगीला ओठ ओले करायला पाणी मिळालं नसतं.

पाइपातून मला ऐकू येत होतं. पहिलं पाणी झालं. दुसरं झालं. दुपार झाली. नेहमीची कोरड्या खोकल्याची वेळ आली आणि निळा नळ अजून वाहत होता. पण धार बारीक झाली होती. टाकीचा तळ जवळ आला होता. आणि चादरींचं शेवटचं पाणी बाकी होतं.

नेमकी तेव्हाच एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. मुलगी एवढीशी, चिमणीएवढी. केसांचा पार गुंता झालेला, कापल्याशिवाय सुटणार नव्हता. खुर्चीवर पाट ठेवून तिला बसवली. कात्री बघितली मात्र, तिनं भोकाड पसरलं. वस्तादांनी कंगवा लावला की मान इकडे, कात्री नेली की मान तिकडे. कात्रीचं टोक आणि कान यांच्यात बोटभर अंतर.

"मागच्या वेळी तुम्ही पाणी सोडलं होतंत ना," आई म्हणाली, "तेव्हा कशी शहाण्यासारखी बसली होती."

बाकावरून सगळेच म्हणाले, "सोडा हो वस्ताद जरा. लेकरू आहे. दोन मिनिटांनी काय होतंय?"

खरंच होतं ते. माझं कामच रडणाऱ्या पोरापासून सुरू झालं होतं. वस्तादांचा हात माझ्या चावीवर आला. त्यांचा तळवा ओला होता. मुलगी रडतेय, आई बघतेय, बाकावरचे बघताहेत. आणि पाइपाच्या त्या टोकाला एक बारीक धार पांढऱ्या चादरीवर पडतेय. मला दोन्ही ऐकू येत होतं. त्यांना एकच. मी मनात ओरडलो, वस्ताद, फिरवू नका! पण नळाला ओरडता येत नाही. आणि आज तर मी शपथ घेऊन तोंड मिटलेलं.

वस्तादांचा हात तसाच राहिला. बोटं पांढरी पडली. मग त्यांनी हात काढून घेतला.

"काका," ते म्हणाले, "उठा. तो मगा घ्या. आणि तो दुसरा."

"काय करू?"

"या मग्यातलं पाणी त्या मग्यात ओता. उंचावरून. मग त्यातलं परत यात. थांबू नका."

हॉर्नकाका उभे राहिले. एक मगा डोक्याएवढा वर, दुसरा पोटाशी. झुळझुळ... झुळझुळ... मुलीनं हुंदका अर्ध्यावर थांबवला आणि मान वळवून बघायला लागली. काकांनी मगे बदलले. परत झुळझुळ. एकदा नेम चुकला आणि थोडं पाणी काकांच्या पोटावर पडलं. मुलगी खुदकन हसली. मग काय, काकांनी नेम मुद्दामच चुकवायला सुरुवात केली.

"काका, पाणी!" वस्ताद ओरडले.

"शर्टातच आहे, कुठे गेलं नाही!" काका ओरडले.

इकडे कात्री चालायला लागली होती. कच्, कच्, कच्. सरळ, अलगद. वस्तादांच्या लक्षातही आलं नाही, पण मी बघत होतो, हात जराही कापत नव्हता. हाताला काय माहीत पाणी कुठून पडतंय आणि तेच तेच पाणी आहे की नवं? त्याला इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. एका मगाभर पाण्यात त्या पोरीचे केस झाले. तिच्यानंतरच्या माणसाची दाढी झाली. त्याच्यानंतरच्या माणसापाशी आल्यावर हॉर्नकाका म्हणाले, "दंड भरून आले हो. आता पुरे." वस्तादांनी वस्तरा उचलला आणि शांततेतच दाढी केली. कुठे खरचटलं नाही.

संध्याकाळी मॅनेजरबाई लाँड्रीत आल्या. मी अंगातली पोकळी पसरून ऐकत बसलो. इस्त्रीचा वास मला इथून येत नाही, पण चादर उघडल्याचा आवाज आला, फडफड. बाईंनी ती उजेडात धरली असावी, कारण पाठोपाठ दुसरीही फडफडली. मग म्हणाल्या, "साबणाचा वाससुद्धा नाही की. पुढच्या रविवारपासून पाठवू?"

"पाठवा," लाँड्रीताई म्हणाली. आवाज अगदी साधा. पण बाई गेल्यावर तिनं धोपटणं असं आपटलं की माझ्यापर्यंत पाइप थरथरला. आनंदानं, बरं का.

वस्ताद दुकान बंद करून तिकडे गेले. दारात उभे राहून विचारलं, "पुरलं का गं पाणी?"

"पुरलं."

"उरलं का थोडं?"

"उरलंय."

"बघू तरी. सोड बघू नळ."

"वेडा आहेस का दादा?" ती म्हणाली. "उरलेलं दाखवायला सांडू होय?"

तर मित्रांनो, तेव्हापासून मी असा मिटलेला असतो. हवा तेवढा मगा भरून देतो आणि गप्प बसतो. वस्तादांची सवय एका दिवसात गेली असं समजू नका. सवय म्हणजे काय पाहुणी आहे, चहा प्यायली आणि निघाली? अजूनही गप्पा रंगल्या की त्यांचा डावा हात माझ्याकडे येतो. मग बाकावरून कोणीतरी खाकरतं, आणि हात मागे जातो. रोज येतो, रोज मागे जातो. असं रोज मागे घेणं, यालाच निश्चय म्हणतात. तो कुठल्या दुकानात तयार मिळत नाही.

लोक म्हणतात, तळं केवढं, पृथ्वी केवढी, माझ्या एका नळानं काय होणार? मी पृथ्वी पाहिलेली नाही. माझा पाइप जिथवर जातो तिथवरचं मला कळतं. आणि एवढं नक्की कळलंय, की प्रत्येक पाइपाला दुसरं टोक असतं आणि तिथे कोणीतरी हात ओले करून उभं असतं. तुमच्या दिव्याच्या तारेलाही असतं. तुम्ही फेकलेल्या पिशवीलाही असतं. दात घासताना, भांडी विसळताना, साबण लावताना नळ नुसता चालू असला, तर एकदा माझ्या चावीला हात लावा. मी वाट अडवून उभा राहतो, तेवढं बळ माझ्यात आहे. पण स्वतःला फिरवता येत नाही मला. ते तुम्हालाच करावं लागेल. चला, उठा. कुठेतरी काहीतरी टपकतंय. मला ऐकू येतंय.